फाट्यावरचं अभिनंदन

मूल गावाहून आलेली एसटी चंचल लेनगुरेला चिचटोल्याच्या फाट्यावर उतरवून सिंदेवाहीकडे निघून गेली. धुरळा खाली बसला आणि चंचलला समोर चंचल दिसली. चांगली दोन पुरुष उंच, कडुनिंबाच्या दोन झाडांना चारी कोपऱ्यांनी बांधलेली, आणि हसत असलेली.

तिला आधी वाटलं, आपल्याला ऊन लागलं. पण दिवाळी होऊन गेली होती, ऊन लागण्याचे दिवस नव्हते. मग तिनं बॅग खाली ठेवली आणि नीट वाचलं. ‘चिचटोल्याची शान, आपल्या गावची कन्या कु. चंचल बापूजी लेनगुरे हिची चार वर्षांत बी.एस्सी. व एम.एस्सी. या जलद अभ्यासक्रमासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ फोटो चुलतबहिणीच्या लग्नातला होता. शेजारची बाई कापून काढली होती, पण तिचा हात कोपरापासून पुढे चंचलच्या खांद्यावर तसाच राहून गेला होता. डोक्यावर पदवीदानाची काळी चौकोनी टोपी कॉम्प्युटरनं बसवली होती, तीही जरा तिरकी. खाली काळे चष्मे घातलेल्या शुभेच्छुकांची रांग होती. त्यातल्या निम्म्यांना बी.एस्सी. म्हणजे काय हे विचारलं असतं तर त्यांनी आधी चष्मे काढले असते.

इथवर हसून सोडून देता आलं असतं. तिचं हसू थांबलं ते अगदी खालच्या ओळीनं. ‘विशेष आभार : मा. डॉ. ललिता मॅडम, विभागप्रमुख, चंद्रपूर.’ बाजूला मॅडमचा फोटो, कॉलेजच्या वेबसाइटवरून उचललेला.

निवड झालीच नव्हती. मुलाखत अजून व्हायची होती. आणि मुलाखत घेणाऱ्या समितीच्या अध्यक्ष होत्या याच ललिता मॅडम.

चंचल चंद्रपूरच्या होस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होती. दुसरं वर्ष, विषय वनस्पतिशास्त्र. बारावीनंतर ती चंद्रपूरला जायला निघाली तेव्हा तिच्या आईनं, गुणाबाईनं, अट घातली होती. “चार वर्सं. पाचवं नाई.” मोठ्या लेकीचं, हर्षाचं, लग्न बारावीच्या निकालाआधीच उरकलं होतं, त्यामानानं ही अट म्हणजे गुणाबाईनं काळीज मोठं करून दिलेली देणगीच होती. बी.एस्सी.ला तर तीनच वर्षं लागतात, मग चौथं कशाला, असं तिला कुणीतरी विचारलं. गुणाबाई म्हणाली, “एखांदं वर्स नापास झाली तं?” आईचा लेकीवर विश्वास होता, पण परीक्षेवर नव्हता. पोरगी काही नापास झाली नाही. ते नापास होण्याचं वर्ष तिच्यापाशी शिल्लक पडून राहिलं.

आणि मग कॉलेजात हा नवा अभ्यासक्रम आला. दुसऱ्या वर्षातली मोजकी मुलं निवडायची, तिसऱ्या वर्षापासून त्यांना पदवीचं आणि एम.एस्सी.चं एकदमच शिकवायचं आणि पाच वर्षांचं शिक्षण चार वर्षांत पुरं करून दोन्ही पदव्या हातात द्यायच्या. नोटीस वाचताना चंचलला ते शिल्लक वर्ष आठवलं. आईचा शब्द न मोडता एम.एस्सी. व्हायचा हा एकच रस्ता होता. अर्जही एकदाच करता येत होता, दुसऱ्या वर्षात. तिसऱ्यात गेलं की दार बंद. तिनं अर्ज भरला, लेखी परीक्षा दिली, आणि मुलाखतीला बोलावलेल्यांत तिचं नाव आलं तेव्हा घरी फोन केला. “बाबा, मुलाखतीसाठी नाव आलं,” एवढंच ती म्हणाली होती. त्या एवढ्याशा वाक्याचं दोन पुरुष उंच हे काय झालं होतं, ते विचारायला ती बॅग उचलून भराभर घराकडे निघाली.

वाटेत पारावर बसलेल्या म्हाताऱ्या कोलूनं तिला हात जोडले. आजवर तो तिला “कवा आलीस वो” म्हणायचा, आज नमस्कार. चंचलला रडू यायचं तेवढं राहिलं.

घरी मंडईची धामधूम होती. झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, घरोघर सोयरे उतरतात आणि रात्री नाटक होतं. चिचटोल्याच्या नाट्यमंडळाचा कर्ताधर्ता म्हणजे चंचलचा बाप, बापूजी लेनगुरे. धानाच्या शेताच्या चार बांध्या आणि मंडपाचा पडदा, हे त्याचे दोन संसार. दुसऱ्यात जीव जास्त, असं गुणाबाई म्हणे. आताही तो अंगणात नाटकाच्या पोस्टरांना खळ लावत बसला होता. गुणाबाई चुलीपाशी करंज्या तळत होती.

“बाबा, तो फ्लेक्स कोनं लावला?”

बापूजीचं तोंड उजळलं. “पायला का? कसा वाटला? रोशनले म्हटलं, टोपी पायजे म्हंजे पायजे.” रोशन म्हणजे त्याचा पुतण्या. सिंदेवाहीला त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान.

“माही निवड नाई झाली, बाबा.”

“होईन.”

“मुलाखत व्हायची हाये अजून. मी फोनवर तसंच सांगतलं होतं तुमाले.”

“मले ऐकू आलं होतं,” बापूजी शांतपणे म्हणाला आणि पुढच्या पोस्टरला खळ फासली.

चंचल जागच्या जागी उभी राहिली. येताना सगळ्या वाटेनं ती मनाला समजावत आली होती की बाबाचा घोटाळा झाला, फोन नीट लागला नसेल, मुलाखत आणि निवड यांतला फरक त्याला कळला नसेल. घोटाळा झाला असता तर तिनं एका दमात माफ केलं असतं. पण माणसाला सगळं कळलं होतं आणि कळूनसवरून त्यानं फ्लेक्स बांधला होता.

“मंग काऊन लावला?”

“हे पाय,” बापूजीनं हातातलं पोस्टर उचलून दाखवलं. त्यावर वडशाच्या एका नटीचा फोटो होता. “हे बाई अजून हो म्हनाली नाई. पन आता गावोगाव तिचं नाव लागलं. आता ते नाई म्हनू शकते का? नाव छापलं का मानूस बांधला जाते. बारा गावचे लोक येऊन बसतेत तिच्यासाठी. येनंच पडते. मी दरसाल असंच करतो नं.”

हे मात्र खरं होतं. बापूजीचं अख्खं मंडळ याच रीतीवर चालत आलं होतं. आधी छापायचं, मग जुळवायचं. नट, नटी, पेटीवाला, उद्घाटनाला येणारा सभापती, सगळे आपापली नावं भिंतीवर वाचून लाजेकाजेस्तव हजर होत. ‘यांच्या सौजन्याने’ म्हणून नाव छापलेला माणूस आधी चकित होई आणि मग मुकाट्यानं सौजन्य दाखवी. एकदाच दगा झाला होता. नायक आला नाही. तेव्हा पडदा वर गेला आणि भरल्या मंडपासमोर बापूजी एकटा हात जोडून उभा राहिला. लोकांनी शिव्या घातल्या, एकदोघांनी चपला फेकल्या, तो हलला नाही. सकाळी भिंतींवर त्याच्या हातची चिठ्ठी होती, ‘खेळ रद्द नाही. आज होणार.’ आणि त्या रात्री दुसरा नायक उभा करून त्यानं अख्खा खेळ फुकट दाखवला होता. छापलं ते करायचंच, आणि नाही झालं तर आपण पुढे होऊन उभं राहायचं, एवढा एकच नियम त्या माणसाला येत होता. नाटकाला तो लागू पडत होता. लेकीच्या ॲडमिशनलाही लागू पडेल, असं त्याला मनापासून वाटलं होतं.

“तू भेदरट,” तो पुढे म्हणाला, प्रेमानंच. “शाळेत भाषनाच्या दिवशी पोट दुखून घरी आली होती, ध्यानात हाये नं? मी म्हटलं, हे मुलाखतीच्या दिवशी बी तसंच करन. मंग तुले बांधलं. आन त्या मॅडमले बी बांधलं. आता त्या बाईच्यानं नाई म्हनवन का?”

  बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी हे चंचलनं शाळेत वाचलं होतं. इथे भटानं तुरी विकणाऱ्याचेच जाहीर आभार मानले होते.

“आई, याईले सांग,” ती म्हणाली. “काढाले लाव तो.”

गुणाबाईनं झारा कढईत धरला. “आता सोयरे येऊन राह्यले वो. समद्यायले सांगून झालं. मंडई होऊ दे, मंग काढू.”

चंचलनं पडवीतला विळा उचलला आणि निघाली. तशी ती भेदरटच, बाप काही खोटं बोलत नव्हता. पण भेदरट माणूस सगळ्यात जास्त घाबरला की त्याला लोकलाज उरत नाही. फाट्यावर तेवढ्यात सोयऱ्यांनी भरलेली एसटी थांबली होती. उतरणाऱ्या बायका फ्लेक्सकडे बघत होत्या आणि फ्लेक्सवरचीच पोरगी विळा घेऊन येताना बघून बाजूला होत होत्या. खालचे दोर तिनं सपासप कापले. वरचे पोचेनात, म्हणून ओढले. झाडाची साल निघाली, फ्लेक्स फाटला, तिरकी टोपी अर्धी झाडावरच राहिली.

तो गुंडाळत असताना फोन वाजला. होस्टेलवरची पुनम. हॅलोसुद्धा न म्हणता ती म्हणाली, “चंचल, तुझं सिलेक्शन झालं? लिस्ट तर लागली नाही ना अजून? तो फोटो ग्रुपवर फिरून राह्यला.”

चंचल हातातल्या गुंडाळीकडे बघत राहिली. दोर कापून झाला होता आणि कापायचं ते आता तिच्या हाताशी नव्हतंच.

*

मुलाखतीच्या दिवशी बापूजी तिच्यासोबत चंद्रपूरला गेला. “नका येऊ,” असं तिनं परोपरीनं सांगितलं. तो म्हणाला, “चूक माही, मीच सांगतो.” नाटकाच्या उद्घाटनाला घालायचा कोट त्यानं अंगात चढवला होता. गाडीत तो खिडकीशी बसून ओठ हलवत होता. चंचलच्या ध्यानात आलं, तो पाठांतर करतोय.

वऱ्हांड्यात मुलाखतीची इतर मुलं बसली होती. चंचल आली तशी ती बोलायची थांबली. एरवी तिच्याकडून वह्या मागून नेणारी एक मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. शिपायानं नाव पुकारलं ते पहिलंच चंचलचं, आणि समितीच्या खोलीत नव्हे, मॅडमच्या केबिनमध्ये. बापूजी तिच्यामागोमाग आत शिरला. त्याला कुणी अडवलं नाही.

ललिता मॅडम खुर्चीतून उठल्या नाहीत, पण त्यांनी दोघांना बसायला सांगितलं. वर्गात त्या कधी आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही. टेबलावरचा मोबाइल त्यांनी फिरवून ठेवला. त्यात फ्लेक्स होता, टोपीसकट.

“हे खरं आहे?” त्यांनी विचारलं.

“मॅडम, मी लावला नाही,” चंचल म्हणाली. “मला माहीतही नव्हतं. बघितल्याबरोबर मी तो काढला.”

बापूजी उभा राहिला. कोटाची बटणं लावली. “आदरणीय मॅडम,” त्यानं सुरू केलं. रंगमंचावर तो शुद्ध मराठी बोलत असे, आणि हीही त्याला तशीच जागा वाटली असावी. “आदरणीय मॅडम, सदरहू अपराध माझा आहे. माझ्या कन्येचा यात तिळमात्रही... आमच्याकडे अशी प्रथा आहे की...” इथे त्याला पुढचं आठवेना. “म्हंजे कसं हाये मॅडम, आमी नाटकाचे लोक. आमी आधी नाव छापतो. मंग मानूस नाई म्हनत नाई.”

“म्हणजे मी नाही म्हणू नये, म्हणून तुम्ही माझं नाव छापलंत.”

बापूजीनं एकदम मान हलवली. त्याला वाटलं, मॅडमला समजलं. “हाव नं,” तो म्हणाला. चंचलनं डोळे मिटून घेतले.

मॅडमनी मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाल्या, “भाऊ, बाहेर जी मुलं बसली आहेत ना, त्यांतल्या दोघांनी तक्रार केली आहे. यादी लागायच्या आधी एका मुलीची निवड जाहीर होते आणि निवडणारीचे आभार मानले जातात. त्यांच्या जागी मी असते तर मीही तक्रार केली असती. मी समितीतून बाजूला होते असं म्हटलं. समिती म्हणाली, तेवढ्यानं भागत नाही. हिला घेतलं तर आधीच ठरलं होतं असं होईल. काल बैठक झाली. चंचलचा अर्ज बाजूला ठेवला आहे.”

“बाजूले म्हंजे?” बापूजीनं विचारलं.

“म्हणजे रद्द.”

खोलीत पंखा फिरत होता. थंडीत पंखा कशाला लावलाय, एवढाच एक विचार चंचलच्या डोक्यात आला आणि तिथेच अडकून बसला. तिला रडू येईना, राग येईना. रद्द हा शब्द तिनं दहा वेळा ऐकला असता तरी तो तिच्या कानातून आत गेला नसता.

बापूजीला मात्र तो कळला. भरल्या मंडपात चपला अंगावर येत असतानाही तो जागचा हलला नव्हता. आता तो उभा होता तो खाली बसला. मग पुन्हा उठला, कोटाचं बटण उगीच काढून पुन्हा लावलं आणि म्हणाला, “मॅडम, पुढल्या साली?”

“पुढल्या साली ती तिसऱ्या वर्षात जाईल. तिसऱ्या वर्षातल्यांना अर्ज करता येत नाही. ती आता साधी बी.एस्सी. करेल आणि मग वेगळी एम.एस्सी. पाच वर्षं लागतील, एवढंच.”

एवढंच, असं मॅडम म्हणाल्या. त्यांना लेनगुऱ्यांच्या घरातली चार वर्षांची अट ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. बापूजीला ठाऊक होती. तो लेकीकडे बघेना.

“मॅडम,” चंचल म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. “माझी मुलाखत तरी घ्या. यादीत नका धरू. कुठे लिहू नका. पण मी तयारी करून आलेय. मला नुसतं विचारा.”

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग बापूजीला म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसा, भाऊ. दार उघडंच राहू द्या.”

बापूजी दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. तिथून त्याला आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि त्यातलं काही समजत नव्हतं. मॅडम विचारत होत्या, चंचल सांगत होती. मध्येच एक प्रश्न त्याला कळला. धान महिनोन् महिने पाण्यात उभा असतो, मग त्याची मुळं का कुजत नाहीत? जन्मभर धान लावून बापूजीला कधी हा प्रश्न पडला नव्हता. चंचल म्हणाली की धानाच्या आत हवेच्या पोकळ्या असतात, पानांनी घेतलेली हवा त्यांतून दांड्यातून खाली उतरते आणि पाण्याखालच्या मुळांपर्यंत पोचते. वर पान पाण्याबाहेर आहे तोवर मूळ गुदमरत नाही. मॅडमनी त्यावर आणखी काही विचारलं आणि चंचलनं तेही सांगितलं. ती कुठेच अडखळली नाही. तिचं पोट दुखलं नाही.

मग मॅडमचा आवाज आला. “तू पहिल्या तिघांत आली असतीस, चंचल. मी तुला खोटं सांगणार नाही.”

बाकावर बसलेल्या बापूजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हे वाक्य ऐकण्यापेक्षा पोरगी नापास झालेली त्याला चालली असती. बांधायची गरजच नव्हती. पोरगी आपल्या पायानं चालत जाऊन त्या खुर्चीत बसली असती. आपण तिच्या पायात दोर घातला.

*

मुलाखतीनंतर चंचल घरी गेली नाही. बापूजी एसटी स्टँडवर “चल, दोन दिस राहून ये,” म्हणाला तेव्हा ती म्हणाली, “काय तोंड घेऊन येऊ फाट्यावर?” त्यानंतर त्याचे फोन आले, तिनं घेतले नाहीत. आईचे घेतले. गुणाबाई शेंगांचं, धानाच्या मळणीचं, हर्षाच्या लेकराचं बोलायची. चार वर्षांबद्दल ती बोलली नाही आणि चंचलनंही विचारलं नाही. विचारून उत्तर ऐकायची तिची तयारी नव्हती. निवडलेल्या मुलांची यादी लागली, त्यांचे तयारीचे वर्ग वेगळे सुरू झाले. चंचल त्या वर्गावरून जाताना चालायचा वेग वाढवायची. झालेल्या गोष्टीवर अजून तिचा विश्वास बसत नव्हता. सकाळी उठल्यावर पहिली काही मिनिटं सगळं ठीक असायचं, मग आठवायचं, आणि दरवेळी नव्यानं धक्का बसायचा.

संक्रांत झाली आणि गुणाबाईचा फोन आला. गावात शंकरपट भरत होता, बैलांच्या शर्यती. “ये वो,” ती म्हणाली. “पट पायाले नाई तं नाई. मले भेटाले ये.” आईचा आवाज काही निराळा लागला म्हणून चंचल निघाली.

मूलहून आलेली एसटी पटाच्या गर्दीनं गच्च भरली होती. फाट्यावर सगळी उतरली आणि सगळी तिथेच थबकली. चंचल शेवटून उतरली. लोकांच्या डोक्यांवरून तिला आधी कडुनिंब दिसला, मग फ्लेक्सची वरची कड.  पुन्हा, असं तिच्या मनात आलं. याला माणूस म्हणावं की काय म्हणावं.

पण यावेळी तिचा फोटो नव्हता. फोटो बापूजीचा होता, एकट्याचा, हात जोडलेला. काळा चष्मा नाही, कोट नाही. शेतातल्या बैलबंडीवर कुणीतरी काढलेला असावा. खाली जाड अक्षरं होती.

‘जाहीर माफी. माझी मुलगी चंचल हिची निवड झाली, असे मी याच जागेवर छापले होते. ते खोटे होते. तिची निवड होणार होती. माझ्या त्या फ्लेक्समुळे ती झाली नाही. चंचलची चूक नाही. ललिता मॅडम यांचा काही संबंध नव्हता, त्यांचीही माफी. ज्यांना मला बोलायचे आहे त्यांनी पटाच्या मैदानावर यावे, मी उभा आहे. खेळ रद्द नाही. चंचल पाच वर्षे शिकणार. पाचवे वर्ष आमच्याकडून.’

शुभेच्छुकांच्या जागी एकच नाव होतं. गुणाबाई बापूजी लेनगुरे. पदर डोक्यावर घेतलेला तिचा पासपोर्ट फोटो, आधार कार्डावरचा असावा, कॅमेऱ्याकडे संशयानं बघणारा.

चंचलनं ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग आईच्या फोटोकडे पाहिलं. चार म्हणजे चार, म्हणणारी आई. तिनं स्वतःचं नाव फाट्यावर, बारा गावांहून पटाला आलेल्या लोकांसमोर छापू दिलं होतं. नाव छापलं का माणूस बांधला जातो, हे त्या घरात तिच्याइतकं चांगलं कुणाला माहीत होतं?

चंचल कधी रडायला लागली ते तिला कळलं नाही. केबिनमध्ये नाही, होस्टेलवर नाही, आणि आता भर रस्त्यात, बैलांच्या बंड्या जात असताना. एक अनोळखी बाई “काय झालं वो पोरी” म्हणून जवळ आली. चंचलनं मान हलवली.

कडुनिंबाखाली रोशन शिडी घेऊन उभा होता. तो जवळ आला, तिच्याकडे न बघता म्हणाला, “काका सकाळपासून मैदानावर उभा हाये. लोक येऊन राह्यले, बोलून राह्यले. कोनी हासून राह्यले. तो हात जोडूनच हाये.” मग त्यानं खिशातून जपून एक लहानसा कटर काढला. “मले म्हटलं, चंचल आली का तिले विचार. ते म्हनन तं लगेच काढून टाक. काढू का?”

चंचलनं ओढणीनं तोंड पुसलं. झाडाच्या खोडावर तिनं ओरबाडलेली साल अजून भरून आली नव्हती. दोर मात्र नवे होते, जाड, आणि चारी कोपऱ्यांना दुहेरी गाठी मारलेल्या.

“राहू दे,” ती म्हणाली. बॅग खांद्यावर घेतली आणि यंदा पटाचं मैदान कुठल्या अंगाला आखलंय ते विचारून तिकडे चालू लागली.